परातीतले एक ते दहा

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. नेरुळच्या ज्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात मी शिकवतो, तिथे पीएच.डी. नसेल तर पुढची पायरी नाही असं पत्रक निघालं, आणि बावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून झाल्यावर मला कळलं की आपण अजून अर्धवट शिकलेले आहोत. बायको शाळेत शिक्षिका आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. आता परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमच्याही पोटात दुखेल."

आमच्या विभागात मार्गदर्शक म्हणून एकाच व्यक्तीकडे जागा होती. ती बाई चौदा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसायची. मधल्या काळात ती मोठ्या संस्थेत शिकली, तीन वर्षं परदेशात काम करून आली, आणि आता माझ्या शेजारच्या केबिनमध्ये माझ्याहून मोठ्या टेबलामागे बसत होती. मूळची उरणजवळच्या मोऱ्याची, घर आता खांदेश्वरला. विद्यार्थिनी होती तेव्हा मी तिला सरळ "अगं" म्हणायचो. आता "मॅडम" म्हणणं भाग होतं. ती मात्र मला अजून "सर"च म्हणत होती. पहिल्या दिवशी तिच्या केबिनमध्ये आम्ही दोघंही "बसा ना, बसा ना" करत बराच वेळ उभेच राहिलो.

शेवटी ती बसली आणि म्हणाली, "सर, न्यूरल नेटवर्क सगळेच संगणकात चालवतात. आपण त्याचा मधला भाग पाण्यात चालवू या."

"पाण्यात?"

"साध्या पाण्यात. नळाच्या."

मला वाटलं, ही जुना कसला तरी सूड उगवते आहे.

पण ती गंभीर होती. तिनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि कडेवर टिचकी मारली. पाण्यावर बारीक कडी उठली. ती विरायच्या आत दुसरीकडून दुसरी टिचकी मारली. "बघा," ती म्हणाली, "आता जी लाट दिसते आहे, तिच्यात दुसरी टिचकी आहे आणि थोडीशी पहिलीही आहे. पाण्याला थोडा वेळ आठवतं, मग ते विसरतं. संगणकाला एवढं करायला केवढी गणितं करावी लागतात. पाणी ती फुकट करतं. आपण फक्त लाटा वाचायला शिकायचं."

काम असं ठरलं. कुणीतरी एक ते दहामधला एक आकडा बोलायचा. त्या आवाजाचे चढउतार खूप संथ करून चार छोट्या स्पीकरना द्यायचे, आणि स्पीकरना चिकटवलेल्या काड्या पाण्याला ढुसण्या देतील. वरून कॅमेरा लाटा टिपेल. एक नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा संगणकातला प्रोग्रॅम, त्या लाटा बघून सांगेल, कोणता आकडा होता. पाण्याला काही शिकवायचं नाही, ते आपल्या स्वभावानं वागणार. शिकवायचं ते लाटा वाचणाऱ्याला.

सानपाड्याच्या एका दुकानातून पाण्यासाठी ॲक्रिलिकचा सुंदर ट्रे करून घेतला. तो पहिल्याच दिवशी गळला. मग मी घरातली पीठ मळायची स्टीलची मोठी परात उचलून आणली. बायकोच्या लक्षात आलं तेव्हा ती कणिक भिजवायला बसली होती.

"परात कुठे आहे?"

"प्रयोगशाळेत."

"आणि तिथे ती काय करते?"

"आवाज ओळखते."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग पातेल्यात कणिक भिजवली. त्या रात्रीच्या पोळ्यांना आकार नव्हता, तरी मी दोन जास्त खाल्ल्या.

प्रयोगशाळेत आमच्यासोबत तिसरं माणूस होतं. प्रयोगशाळा सहायक, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणतं. मामा करावे गावचे. घरची शेती होती, खाडीत मासेमारी होती, ते सगळं गेलं आणि त्या जागी तीन मजली इमारत आली, तिच्यात भाडेकरू आले. नोकरीची त्यांना काहीच गरज नव्हती. "घरी बसलो तं बायको कामं सांगते," ते म्हणायचे, "तवा हितं येतो. हितं कोन काय सांगत नाय." हे खरं होतं. मामांना काम सांगायची विभागात कुणाची छाती नव्हती. पण परात आली त्या दिवसापासून ते आपणहून त्या खोलीत बसायला लागले. पहिल्यांदा आवाजही त्यांचाच घेतला, कारण त्यांचा आवाज मोकळा आणि खणखणीत होता. ते सहाला "सा" म्हणायचे आणि दहाला "धा". मी एकदा दुरुस्ती करायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "सर, यंत्राला माणसं ओळखायला शिकवायचंय. माणसांना यंत्रासारखं बोलायला नाही."

महिनाभरात वाचणारं नेटवर्क बरंच शिकलं. मग मॅडमनी खरी अडचण सांगितली. त्यांना पाण्याच्या आधीही एक नेटवर्क हवं होतं. कुठल्या काडीनं केव्हा आणि केवढी ढुसणी द्यायची, हे त्यानं शिकायचं, म्हणजे पाणी आवाज जास्त चांगला घुसळेल.

मी म्हणालो, "मग शिकवू. त्यात काय?"

"कसं शिकवणार? उत्तर चुकलं, तर ती चूक मागे मागे नेत पहिल्या नेटवर्कपर्यंत पोचवावी लागते. तुझा वाटा एवढा, तुझा एवढा. मध्ये पाणी आहे. पाण्याला कसं विचारणार, तुझ्यातून ही चूक उलटी कशी जाते?"

मी परातीकडे बघितलं. परात काही बोलली नाही.

उपाय तिनंच सांगितला. पाण्याची नक्कल करायची. तिसरं एक नेटवर्क घ्यायचं आणि त्याला तासन्‌तास फक्त ढुसण्या आणि लाटा दाखवायच्या, म्हणजे अमुक ढुसणी दिली तर पाण्यावर काय उमटेल हे ते सांगायला लागेल. नक्कल संगणकातली, म्हणून तिच्यातून चूक उलटी नेता येते. पहिल्या नेटवर्कची तालीम नकलेबरोबर घ्यायची आणि प्रयोग खऱ्या पाण्यावर करायचा. दर दोन दिवसांनी नक्कल आणि पाणी ताडून बघायचं, कारण पाणी उडून कमी होतं, उकाड्यानं त्याचं वागणं बदलतं, आणि नक्कल मात्र सोमवारच्याच पाण्यात अडकून बसते.

वरकरणी मी म्हणालो, "हे मला सुचणारच होतं." ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा.

या सगळ्यात एक गोष्ट मला छळत होती. प्रत्येक आकड्यानंतर पाणी पुरतं शांत व्हायला मिनिटभर लागायचं. मॅडमनी कामाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, की पाणी स्थिर झाल्याशिवाय पुढचा आकडा द्यायचा नाही. मी गणित केलं. हजारो वेळा मिनिटभर थांबायचं, म्हणजे माझं निवृत्तीचं वय परातीसमोरच येणार. मॅडम आठवडाभर एका परिषदेला गेल्या, तेव्हा मी थांबणं दहा सेकंदांवर आणलं. त्यात आकडेही सरळ एक ते दहा असे ओळीनं ऐकवायचे ठरवलं, म्हणजे मोजायला सोपं. मामांना म्हणालो, "थोडी लाट राहिली तर बिघडत नाही. पाण्याला आठवतं, तेच तर आपल्याला हवंय."

मामा म्हणाले, "तुमी शिकलेले हाव."

आणि निकाल काय आले म्हणता! शंभर आकड्यांत चुका दोन-तीन. पहिलं नेटवर्क शहाण्यासारखं ढुसण्या देत होतं, नक्कल पाण्याशी जुळत होती, वाचणारा तर क्वचितच चुकत होता. मॅडम परत आल्यावर मी त्यांच्यासमोर आलेख ठेवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "फारच चांगलं आहे," त्या म्हणाल्या, पण सुरात आनंद कमी आणि शंका जास्त होती. मी मनात म्हणालो, विद्यार्थी गुरूच्या पुढे गेला की गुरूला असंच होतं. मग आठवलं की यातला गुरू नेमका कोण, हे आमचं अजून ठरलेलं नाही.

त्यांनी विचारलं, "थांबायचं मिनिट पाळलंत ना?"

मी म्हणालो, "पाणी आता लवकर शांत होतं." हे वाक्य खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

सहामाही आढाव्याला बाहेरून एक तज्ज्ञ आले. पिकलेल्या मिशा, पांढरा शर्ट, हातात छत्री, तीही कडक उन्हात. मी नवा शर्ट घातला होता. परात घासून लख्ख केली होती. मामांनी घरून आणलेला ओवा तोंडात टाकून घसा साफ केला आणि माइकसमोर बसले.

"एक," मामा म्हणाले. काड्या हलल्या, पाणी थरथरलं, पडद्यावर उमटलं: एक.

"दोन." दोन.

असं सहापर्यंत गेलं. मामांनी "सा" म्हटलं तरी पडद्यानं सहाच दाखवले. मी तज्ज्ञांकडे असं बघितलं, जसं एखादा बाप गॅदरिंगमध्ये शेजारच्या खुर्चीकडे बघतो.

तज्ज्ञ म्हणाले, "छान. आता तीन म्हणा."

मामा म्हणाले, "तीन."

पडद्यावर आलं: सात.

"पुन्हा तीन."

"तीन!" मामांनी जरा जोर लावला.

चार.

"पुन्हा."

"तीऽऽन!"

चार.

मी घाईघाईनं म्हणालो, बहुतेक माइक हलला असेल. तज्ज्ञांनी मान डोलावली, चहा मागवला. चहा येऊन पिऊन होईपर्यंत परातीतलं पाणी काचेसारखं स्थिर झालं. मग ते म्हणाले, "आता दहा."

"धा."

एक.

तज्ज्ञ पुन्हा काही वेळ थांबले. पाणी पुन्हा शांत झालं. मग त्यांनी पुढे वाकून माइकसमोर नुसती टाळी वाजवली.

पडद्यावर आलं: एक.

ते हसायला लागले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. "अहो," ते म्हणाले, "तुमचं यंत्र ऐकत नाहीये. ते मोजतंय! पाणी शांत दिसलं की एक. पाण्यात दोनाची उरलेली लाट दिसली की तीन. कोण काय बोललं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही."

त्यांनी अहवालात काय लिहिलं ते मी तेव्हा वाचलं नाही. छत्री उचलून ते गेले. मामा माइककडे बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "मंग मी महिनाभर कोनाशी बोलत होतो?"

मॅडमनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि ते योग्यही होतं. मी आधीच बोलून टाकलं. थांबणं मी कमी केलं, आकडे ओळीनं मी दिले, तुम्ही विचारलंत तेव्हा सरळ उत्तर दिलं नाही, आलेख चांगले आले म्हणून मी कशाकडे बघितलंही नाही.

त्या कठड्याला टेकून खाली पार्किंगकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सर, सेकंड इयरला तुम्ही माझी जर्नल परत फेकली होती. आठवतं?"

"फेकली नसेन."

"फेकली होती. टेबलावर, पण जोरात. म्हणालात, पाठ करून लिहिलंय, समजून लिहा." मग त्यांना हसू आवरेना. "आणि आज तुमच्या परातीनं पाढा पाठ केला!"

मीही हसलो. दुसरं करणार काय? पण त्या जर्नलची मला खरंच आठवण नव्हती, आणि तिला शब्दन्‌शब्द होती, हे मनाला लागलं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता सगळं पहिल्यापासून. आकडे उलटसुलट, आणि दर वेळी मिनिटभर थांबायचं. मीही बसते तुमच्याबरोबर."

पुढचे तीन महिने आम्ही तिघं एका परातीभोवती बसून होतो. पंखा लावला की पाणी हलायचं, म्हणून पंखा बंद. बाजूच्या खोलीतलं कंप्रेसर सुरू झालं की थांबायचं. जिन्यावरून मुलं धावत गेली की थांबायचं. मामांनी दाराबाहेर चपला काढायची सक्ती केली आणि मुख्याध्यापकाच्या थाटात कडेला स्टूल टाकून बसले. प्राचार्य एकदा डोकावले, तर मामांनी तोंडावर बोट ठेवून त्यांना दारातच थांबवलं. परातीच्या आतल्या कडेवर त्यांनी खिळ्यानं बारीक रेघ मारली आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत भरायला लागले. त्या एका रेघेमुळे नक्कल आणि पाणी यांचं भांडण निम्मं मिटलं. वहीत मी ते "पातळीचे प्रमाणीकरण" असं लिहिलं. मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, "रेघ मारली, येवराच लिवा."

त्या मिनिटामिनिटाच्या थांबण्यात कुजबुजत बोलणं व्हायचं. मॅडमनी मला सांगितलं की परदेशातली नोकरी त्यांनी सोडली, कारण तिथे प्रयोगाचं पाणीसुद्धा यंत्रं मोजून भरायची आणि कुणी कुणाशी बोलत नसे. मग स्वतःच हसल्या. "हे मी लोकांना सांगते. खरं कारण असं की अम्मीला एकटीला राहवत नव्हतं, आणि मलाही." मीही त्यांना सांगितलं की पीएच.डी. मी पत्रकामुळे करतोय, आवडीनं नाही. त्या म्हणाल्या, "माहितीये सर. पण पत्रकात न सांगितलेल्या वेळीही हल्ली तुम्ही इथे असता."

अर्थातच, आकडे उलटसुलट केल्यावर निकाल कोसळले. दहातले चार बरोबर आले तरी चांगला दिवस. मग कळलं की फक्त मामांच्या आणि माझ्या आवाजावर यंत्र शिकतंय. नवे आवाज हवे होते. करावे गावात मामांनी एका रविवारी घरच्या सगळ्यांना ओसरीत ओळीनं बसवलं. त्यांच्या बायकोनं दहाही आकडे दोनदा म्हटले आणि तिसऱ्यांदा म्हणायला साफ नकार दिला. "दोनदा सांगून समजत नाय त्याला, तं तिसऱ्यांदा काय समजनार हाय?" प्रशिक्षणाच्या विषयावर एवढं नेमकं मत मी कुठल्या परिषदेत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी आम्ही खांदेश्वरला मॅडमच्या घरी गेलो. त्यांच्या अम्मींनी आधी पोटभर खायला घातलं, नारळाच्या दुधातलं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. मग रेकॉर्डर समोर ठेवला तसा त्यांनी पदर सारखा केला.

"हे कुणाला ऐकवणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "पाण्याला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आतल्या खोलीकडे तोंड करून, मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझे सर बरे हायत ना गो?"

"आहेत अम्मी. थोडे उशिरा बरे झाले," आतून उत्तर आलं.

आवाज वाढले तसं यंत्र हळूहळू सुधारायला लागलं. मी सकाळी नक्कल ताडायचो, मॅडम दुपारी पहिल्या नेटवर्कला तालीम द्यायच्या, संध्याकाळी निघायच्या आधी खऱ्या पाण्यावर प्रयोग. दहात पाच, सहा, कधी पुन्हा पाच. आलेखाची रेघ आता डोंगरासारखी चढत नव्हती, चिखलातून पाय काढत चालल्यासारखी चालली होती. पण या खेपेला ती खरी होती, आणि मला तिचा लळा लागला होता.

असंच एकदा पाणी शांत व्हायची वाट बघत बसलो असताना मामा कुजबुजले, "सर, येक विचारू? पानी कारून टाकला तं काय होईल?"

"म्हणजे?"

"आदी येक मशीन हाय, नंतर येक मशीन हाय. मदला पानी नसला, तं ती दोगा आपापसात बोलून घेतील ना? मंग आपन हितं चपला कारून कशाला बसलोय?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे. आमच्या दोघांच्या मिळून पदव्या सहा, आणि हा साधा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता. पाण्यामुळे फरक पडतो, हे आम्ही धरून चाललो होतो. तो पडतो का, हे बघितलं नव्हतं. दोन्ही नेटवर्क्स तेवढीच ठेवायची, मधून पाणी काढायचं, आणि तेच आवाज तशाच रीतीनं शिकवायचे, एवढंच करायचं होतं. त्याला आठवडा लागला. तो आठवडा मला नीट झोप नव्हती. पाण्याशिवायही तेवढंच आलं असतं, तर वर्षभर आम्ही नुसती परात राखली असं झालं असतं.

पाण्याशिवाय दहात तीनच बरोबर आले. त्या दोन नेटवर्क्सना शब्दाचं शेवटचं टोक कळायचं, पण सुरुवात आठवायची नाही. आठवण धरून ठेवणारं मध्ये कुणी उरलं नव्हतं. मी मामांना निकाल सांगितला. ते म्हणाले, "मंग बसू या," आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

दुसऱ्या आढाव्याला तेच तज्ज्ञ आले, तीच छत्री. या वेळी मी जुनाच शर्ट घातला होता. माइकसमोर मामांना बसवलं नाही. विभागातल्या एका नव्या शिक्षिकेला बोलावलं, जिचा आवाज यंत्रानं कधी ऐकला नव्हता. तज्ज्ञांनी चिठ्ठ्या करून एकेक आकडा काढला. प्रत्येक आकड्यानंतर आम्ही मिनिटभर थांबत होतो. तज्ज्ञ पहिल्या दोन वेळा घड्याळ बघत होते, मग तेही पाण्याकडे बघायला लागले. पहिल्या दहात यंत्राचे सात बरोबर आले. चुकले ते सहा आणि सात यांच्यात, आणि एकदा नऊचे दोन झाले.

"सात," तज्ज्ञ म्हणाले. "मागच्या वेळी शंभरात अठ्ठ्याण्णव होते."

"होय," मी म्हणालो. "ते चूक होते. हे बरोबर आहेत." हे बोलताना मला जो अभिमान वाटला, तो अठ्ठ्याण्णवच्या वेळी वाटला नव्हता.

मग त्यांनी मिशीवरून बोट फिरवत विचारलं, "आणि मधलं पाणी काढून टाकलं तर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मॅडमनी हातानं थांबवलं आणि म्हणाल्या, "हा प्रश्न आमच्या मामांनी काढला होता. त्यांनाच विचारा."

मामा उठले नाहीत. बसूनच त्यांनी सगळं सांगितलं, मशीनं, पाणी, शब्दाचं टोक, आठवण, सगळं त्यांच्या बोलीत. तज्ज्ञांनी लिहून घेतलं. एकदा पेन थांबवून त्यांनी विचारलं, "आठवण पाण्यातच राहते, हे कशावरून?" मामा म्हणाले, "सर, पयल्या वेळेला तुमीच तं पकरलात. दोनाची लाट उरली व्हती म्हून तीन." तज्ज्ञांनी मान्य केलं, की होय, ते खरं आहे.

कागदपत्रं आवरली, सह्या झाल्या. जाता जाता त्यांना राहवलं नाही. "मी एकदा बोलून बघू का?" असं म्हणून त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, दाराजवळ बूट काढले आणि माइकसमोर बसले. मामांनी बोट वर करून थांबा म्हणून खूण केली. पाणी शांत झालं. बोट खाली आलं.

"सात," तज्ज्ञ म्हणाले, सावकाश, शुद्ध उच्चारात.

सहा.

मिनिटभर सगळे गप्प बसलो.

"सात."

सहा.

तज्ज्ञांनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्यांदा त्यांनी एवढ्या निर्धारानं सात म्हटलं, की मोज्यातल्या पायाची बोटंसुद्धा आवळली गेली. पडद्यानं पुन्हा सहाच दाखवले. मी आणि मॅडम, दोघंही एकाच वेळी खिडकीबाहेर बघायला लागलो.

मामा मात्र त्यांना धीर देत होते. "व्हतं असं," ते म्हणाले. "रोज येत जा, ते हलूहलू वलखील."